सह्याद्रीचे थोरले फुलपाखरू

फुलपाखरू म्हटले म्हणजे चिमटीत मावेल असा, वाऱ्याच्या झुळकेसरशी भरकटणारा एक नाजूक जीव डोळ्यांपुढे उभा राहतो. ह्या समजुतीला धक्का देणारे एक फुलपाखरू सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानांत राहते. आंबोलीच्या घाटात किंवा गोव्यातील मोले-खोतिगावच्या अरण्यात, पाऊस ओसरू लागल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी झाडांच्या शेंड्यांवरून काळ्या-पिवळ्या रंगाचे काही तरी संथपणे तरंगत जाताना दिसते. पाहणाऱ्यास प्रथम वाटते की हा हळद्या पक्षी असावा. पंखांची उघडझाप इतकी सावकाश आणि तरंगणे इतके निर्धास्त असते की हा कीटक आहे हे त्याच्या लवकर ध्यानात येत नाही. इंग्रजीत ह्या गटातील फुलपाखरांना 'बर्डविंग', म्हणजे पक्ष्यासारख्या पंखांचे, असे नाव पडले ते काही उगाच नव्हे. आपल्याकडील जातीस 'सदर्न बर्डविंग' असे म्हणत. आता कित्येक अभ्यासक तिला 'सह्याद्री बर्डविंग' असेच म्हणतात, कारण तिचे खरे घर सह्याद्रीच आहे.

शास्त्रीय परिभाषेत हिचे नाव 'ट्रॉयडिस मायनॉस' असे आहे. ह्या नावामागे एक गमतीदार इतिहास आहे. स्वीडनमधील थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस ह्याने अठराव्या शतकात प्राण्यांना व वनस्पतींना जोडनावे देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा मोठ्या फुलपाखरांसाठी त्याने ग्रीक महाकाव्यांतील वीरांची नावे वापरली. पुढे ह्या गटालाच ट्रॉय नगरीवरून 'ट्रॉयडिस' हे नाव मिळाले. अॅमस्टरडॅमचा व्यापारी पीटर क्रॅमर ह्याने परदेशी फुलपाखरांच्या रंगीत चित्रांची एक मोठी ग्रंथमाला सिद्ध केली होती. तिच्यातून १७७९ साली सह्याद्रीचे हे फुलपाखरू शास्त्रीय जगापुढे आले आणि क्रीट बेटाच्या पुराणप्रसिद्ध मायनॉस राजाचे नाव त्याला लाभले. ज्या रानात ते हजारो वर्षे बागडत होते, त्या रानातील कोणत्याही भाषेतले नाव मात्र त्याच्या वाट्याला आले नाही.

आता त्याच्या रूपाकडे वळू. पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर १४० ते १९० मिलिमीटर भरते. म्हणजे मोठी मादी साडेसात इंचांपर्यंत, जवळजवळ वीतभर असते. पुढचे पंख लांबट व मखमली काळे असून त्यांच्या शिरांच्या दोन्ही बाजूंस करड्या रंगाच्या फिकट रेषा असतात. खरी शोभा मागच्या पंखांची. ते सोन्यासारखे झळझळीत पिवळे असून शिरांवर काळ्या रेघा आणि कडेला काळी वेलबुट्टी असते. डोके व छाती काळी. छातीच्या बाजूंस व मानेजवळ किरमिजी रंगाचा ठसठशीत ठिपका. पोटाचा खालचा भाग पिवळसर असतो. बसलेले असताना काळे पुढचे पंख पिवळ्यावर ओढले जातात व पुष्कळसे सोने झाकून जाते. उडाले की ते एकदम उघडे पडते.

नर आणि मादी ओळखणे अवघड नाही. नर आकाराने लहान असतो आणि त्याच्या मागच्या पंखांचा मधला भाग बहुतेक निर्भेळ पिवळा असतो. काळे ठिपके फक्त कडेला. मादी मोठी असून तिच्या पिवळ्या भागात कडेच्या आत मोठ्या काळ्या ठिपक्यांची आणखी एक रांग असते. नराच्या मागच्या पंखाच्या आतल्या कडेला एक घडी असते व तिच्यात लांब केसांचा झुपका दडलेला असतो. हे केस म्हणजे त्याची अत्तरदाणीच होय. त्यांतून येणारा गंध मादीला ओळख पटविण्याच्या कामी येतो.

इतके मोठे व इतके भडक रंगाचे फुलपाखरू एवढ्या सावकाश उडते, तरी पक्षी त्याचा फडशा कसा पाडीत नाहीत, असा प्रश्न विचारी मनुष्यास सुचल्यावाचून राहणार नाही. सामान्यतः भक्ष्य होणाऱ्या जीवास दोनच मार्ग मोकळे असतात: एक चपळाईने निसटणे, दुसरा लपून राहणे. ह्या फुलपाखराने दोन्ही सोडून तिसरा मार्ग पत्करला आहे. ते विषारी आहे, आणि आपण विषारी आहोत हे ते आपल्या रंगांनी जाहीर करते. काळा, पिवळा व लाल ह्या रंगांचा मेळ निसर्गात पुष्कळदा धोक्याची पताका म्हणून वापरलेला आढळतो. एकदा ह्या फुलपाखराची चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जावयास धजत नाही.

हे विष फुलपाखरू स्वतः बनवीत नाही. बालपणी खाल्लेल्या पानांतून ते त्याला मिळते, आणि ह्या फुलपाखराचे सारे जीवन कसे घडते ह्याची किल्लीही तेथेच आहे. मादी कोणत्याही झाडावर अंडी घालीत नाही. तिला अॅरिस्टोलोकिया कुळातीलच वनस्पती हवी असते. ह्या कुळातील सर्वांत परिचित वेल म्हणजे आपल्याकडील सापसण, जिला ईश्वरी असेही म्हणतात. 'अॅरिस्टोलोकिया टगाला' ही तिची एक मोठी पानांची भगिनी दमट रानांत झाडांवर उंच चढते. त्याच कुळातील 'थोट्टिया सिलिक्वोसा' हे झुडूप सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात जमिनीलगत, गर्द सावलीत वाढते. ह्या तीन वनस्पतींच्या पानांवरच ह्या फुलपाखराची बहुतेक सारी संतती पोसली जाते.

मादी वेलीजवळ आली की पानांभोवती घिरट्या घालते, पायांनी पानाला स्पर्श करून त्याची परीक्षा करते आणि खात्री पटल्यावर तांबूस रंगाचे, मोहरीहून मोठे असे एकेकच अंडे घालते. सर्व अंडी एका ठिकाणी न घालण्यात शहाणपण आहे. वेल लहान असते, अळी खादाड असते. एका वेलीवर पुष्कळ अळ्या निघाल्या तर सर्वांचीच उपासमार व्हावयाची. अंड्यातून निघालेली अळी गडद तांबूस-तपकिरी रंगाची असून तिच्या अंगावर मांसल काट्यांच्या रांगा असतात आणि मध्यभागी फिकट रंगाचा तिरपा पट्टा असतो. कोणी डिवचले की डोक्यामागील फटीतून ती नारिंगी रंगाचे दुबेळके शिंग बाहेर काढते व उग्र वास सोडते. कित्येक वेळा कात टाकून पुरेशी वाढ झाली की ती रेशमी धाग्याचा कमरपट्टा करून एखाद्या काटकीस स्वतःला बांधून घेते आणि सुकलेल्या पानासारख्या दिसणाऱ्या कोशात स्तब्ध होते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा हा सारा प्रवास सुमारे दीड-दोन महिन्यांचा असतो. त्यानंतर मात्र पानांशी त्याचा संबंध संपतो. घाणेरी, भूतकेस, पेंटगूळ अशांच्या फुलांतील मध हेच त्याचे अन्न. बालपणी साठविलेले विष मात्र जन्मभर पुरते.

ज्या वेलीने फुलपाखराला संरक्षण दिले, तिच्याविषयी माणसाचा अनुभव निराळा आहे. 'अॅरिस्टोलोकिया' हा शब्द ग्रीक असून 'प्रसूतीस उत्तम' असा त्याचा अर्थ होतो. प्राचीन काळी युरोपातील सुइणी ह्या कुळातील मुळ्या वापरीत. आपल्याकडे सापसणीचे मूळ सर्पदंशावर उतारा म्हणून प्रसिद्धी पावले, आणि तिचे नावही त्यावरूनच पडले. परंतु ह्या कुळातील वनस्पतींत असलेले अॅरिस्टोलोकिक आम्ल माणसाच्या मूत्रपिंडास अत्यंत घातक असते, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या औषधांत चुकीने ह्या कुळातील एका चिनी वनस्पतीची भेसळ झाली आणि शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडे निकामी झाली. तेथील डॉक्टरांनी हा प्रकार १९९३ साली उघडकीस आणला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने हे द्रव्य कर्करोग उत्पन्न करणारे म्हणून निश्चित केले आहे. तेव्हा सापसणीचा काढा घेणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर असा प्रकार होय. सर्पदंश झाल्यास रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात नेऊन प्रतिविषाचे इंजेक्शन देणे, हाच खरा उपाय आहे. मुळासाठी वेल उपटली म्हणजे माणसाचा लाभ होत नाही, आणि फुलपाखराचे घर मात्र बुडते.

ह्या फुलपाखराचा प्रदेश दक्षिण महाराष्ट्रापासून सुरू होतो. कोल्हापूर व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या घाटमाथ्यापासून खाली गोवा, उत्तर कानडा, कोडगू, वायनाड असा तो पसरत थेट केरळच्या दक्षिण टोकापर्यंत जातो. तामिळनाडूकडील घाटाच्या उतारांवरही ते आढळते. जगाच्या पाठीवर दक्षिण भारताबाहेर ही जात कोठेही नाही. समुद्रकाठच्या सखल रानांपासून सुमारे तीन हजार फूट उंचीपर्यंत ते राहते. सदाहरित अरण्य हे त्याचे आवडते स्थान खरे. परंतु पानझडी रानांत, गावांलगतच्या झुडपांत आणि कुळागरांच्या कडेलाही ते येते. पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत त्याची संख्या अधिक असते, कारण त्या वेळी वेलींना कोवळी पाने फुटलेली असतात.

ह्या प्रदेशाची ओळख मराठी वाचकास अगदीच परकी नाही. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यास जन्मलेला इंग्रज लेखक मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्याने डेव्हिडसन व बेल ह्या दोन सहकाऱ्यांसह उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर एक दीर्घ लेखमाला लिहिली. सोसायटीच्या नियतकालिकात ती १८९६ पासून प्रसिद्ध झाली. बेल हा कारवारकडे जंगल खात्यात होता. ह्या मंडळींनी केवळ फुलपाखरे टाचणीला टोचून पेट्या भरल्या नाहीत. अळ्या शोधून, घरी वाढवून कोणती अळी कोणत्या पानावर जगते ह्याची बारकाईने नोंद केली. फुलपाखराचा खरा पत्ता फुलांत नसून पानांत असतो, ही गोष्ट सह्याद्रीपुरती तरी त्यांच्यामुळे दृढ झाली.

येथे कोणी विचारील की सापसण तर उत्तरेकडेही सापडते. मग हे फुलपाखरू इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याकडे का नाही? त्याचे कारण असे की वेल ही आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नव्हे. ह्या फुलपाखरास दमट हवा, दाट सावली आणि वर्षाचा बराच काळ कोवळी राहणारी पाने लागतात. सह्याद्रीच्या पूर्वेस व उत्तरेस उघडा, कोरडा मुलूख लागतो व तेथे हा मेळ बसत नाही. ह्या दृष्टीने सह्याद्रीची दमट रानावळ म्हणजे कोरड्या जमिनीने वेढलेले एक लांबट बेटच होय. ह्या फुलपाखराचे भाऊबंद कोठे राहतात हे पाहिले म्हणजे ही कल्पना अधिक स्पष्ट होते. 'गोल्डन बर्डविंग' हिमालयाच्या उतारांवर व पूर्वेकडे, 'कॉमन बर्डविंग' ईशान्य भारतात, ओरिसाकडील डोंगरांत व अंदमान-निकोबारात, तर 'ट्रॉयडिस डार्सियस' ही जात केवळ सिंहलद्वीपात. प्रत्येक दमट रानपट्ट्याचा जणू स्वतंत्र वतनदार ठरलेला आहे.

मग उत्तरेकडील वाचकांनी निराश व्हावे काय? तसे कारण नाही. ह्याच कुळातील पानांवर वाढणारे व ह्याच विषाने सुरक्षित झालेले 'कॉमन रोझ' हे काळे, लाल अंगाचे फुलपाखरू माळवा, गुजरात, मराठवाडा, हैदराबाद अशा सर्व भागांत आढळते. कोरड्या जमिनीवर पसरणारी किडामारी ही सापसणीचीच बहीण असून तिच्या पानांवर त्याच्या अळ्या वाढतात. थोरल्याचा सारा संसार ह्या धाकट्याच्या निरीक्षणाने समजू शकतो.

आकाराच्या बाबतीत सह्याद्रीच्या ह्या फुलपाखराने भारतात पुष्कळ वर्षे पहिला मान मिरविला. ब्रिगेडियर विल्यम एव्हान्स ह्यांनी १९३२ मध्ये नोंदविलेले १९० मिलिमीटरचे माप अठ्ठ्याऐंशी वर्षे अबाधित राहिले. २०२० साली उत्तराखंडातील डीडीहाट येथील गोल्डन बर्डविंगच्या एका मादीचे माप १९४ मिलिमीटर भरल्याचे प्रसिद्ध झाले आणि अवघ्या चार मिलिमीटरांनी तो मान हिमालयाकडे गेला. तथापि दक्षिणेत त्याच्या बरोबरीचे दुसरे कोणी नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये 'ब्लू मॉर्मन' ह्या निळ्या-काळ्या फुलपाखरास राज्य-फुलपाखराचा मान दिला. त्यामागोमाग कर्नाटकाने हाच मान सदर्न बर्डविंगला दिला. सर्व बर्डविंग फुलपाखरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' ह्या कराराने नियंत्रित केला असून परवान्यावाचून ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

आज हे फुलपाखरू नामशेष होण्याच्या पंथास लागले आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जेथे वेल आहे व सावली आहे तेथे ते चांगल्यापैकी दिसते. तरीही निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. मर्यादित प्रदेशात राहणाऱ्या जातीचे दैव किती नाजूक असते, ह्याचा दाखला न्यू गिनी बेटावर मिळतो. तेथील 'क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग' हे जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू. १९५१ साली माउंट लॅमिंग्टन ह्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि आधीच थोडक्या जागेत उरलेल्या त्याच्या रानाचा मोठा भाग भस्मसात झाला. आपल्याकडे ज्वालामुखीची भीती नाही. कोयता व कुदळ ह्यांची आहे. बागायतीसाठी रान साफ करताना, कुंपणे झाडताना, रस्त्यांच्या कडा मोकळ्या करताना सापसणीसारखी वेल निरुपयोगी तण समजून प्रथम उपटली जाते. मोठी झाडे राखली म्हणजे रान राखले असे आपण समजतो. झाडे उभी राहतात, फुले फुलत राहतात, पण वेल गेली की मादीला अंडे घालण्यास पान उरत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात ते काळे-पिवळे पंख दिसेनासे होतात.

ह्या दुखण्यावर उपायही तितकाच साधा आहे, हे ऑस्ट्रेलियातील अनुभवावरून दिसून आले आहे. क्वीन्सलंडच्या दक्षिण भागात 'रिचमंड बर्डविंग' हे ह्याच गटातील फुलपाखरू राहते. जंगलतोडीने त्याची वेल नाहीशी होत गेली आणि ब्रिस्बेन शहराच्या परिसरातून ते जवळजवळ दिसेनासे झाले. त्यात आणखी एक संकट ओढवले. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली, चितळाच्या अंगासारख्या ठिपक्यांच्या फुलांची 'अॅरिस्टोलोकिया एलिगन्स' ही वेल बागांतून पसरली. मादी वासाने फसून तिच्यावर अंडी घाली. परंतु त्या पानांचे विष तेथील अळ्यांना सोसत नसे व त्या मरून जात. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी शाळांना हाक दिली. शाळकरी मुलांनी देशी वेलीची रोपे शाळांच्या आवारांत व घरांच्या कुंपणांवर लावली, परदेशी वेल उपटून काढली आणि फुलपाखरांच्या नोंदी ठेवल्या. ज्या ठिकाणी पानाचा पत्ता नव्हता तेथे पाने आली, आणि त्यांच्यामागून कित्येक ठिकाणी फुलपाखरेही आली.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. सावंतवाडी, बेळगाव-खानापूर, गोवा ह्या भागांत ज्यांच्या घरामागे किंवा शाळेमागे थोडी सावली आणि ओल आहे, त्यांनी कुंपणावरची सापसण ओळखून तिला हात न लावणे, ही पहिली पायरी. तिची फुले लहान, चिलमीसारखी वाकडी असतात. फळ पिकले की उलट्या छत्रीसारखे उघडून दोऱ्यांवर लोंबते. एवढ्या खुणांवरून ती सहज ओळखता येते. शोभेच्या परदेशी वेलीऐवजी हीच वेल लावणे, ही दुसरी पायरी. पाने कुरतडलेली दिसली तर औषध न फवारता थांबणे, ही तिसरी. आणि वेल मुलांच्या तोंडात जाणार नाही एवढी काळजी घेतली पाहिजे, कारण तिचे विष फुलपाखराला मानवते, माणसाला नव्हे.

कुरतडलेले पान पाहून माळी हळहळतो. ते पान वाया गेलेले नसते. दीड-दोन महिन्यांनी तेच काळ्या-सोनेरी पंखांनी झाडांच्या शेंड्यांवरून तरंगताना दिसते.